अंड्याच्या कवचाचा रंग आणि 'गावरान' ही ओळख : जालना जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

बीजसंज्ञा : परसातील कुक्कुटपालन, गावरान, हायब्रीड, अंड्याचे कवच, स्त्रियांचे अर्थार्जन, मराठवाडा.

प्रस्तावना :

मराठवाड्याच्या कृषी इतिहासाचे लेखन प्रामुख्याने जमीन, महसूल, कापूस, ज्वारी, दुष्काळ आणि सिंचन या विषयांभोवती झालेले आहे. ते स्वाभाविकही आहे. परंतु ज्या घरात सातबारा पुरुषाच्या नावे होता आणि बैलजोडीवर सासऱ्याची मालकी होती, त्या घरातील परसातल्या चार-सहा कोंबड्या मात्र बहुधा घरच्या स्त्रीच्या होत्या. अंड्यांचा पैसा तिच्या हातात येई आणि मीठ-मिरची, मुलांची पाटी-पेन्सिल, अडीअडचणीचे औषधपाणी यांवर तो खर्च होई. या पैशाची नोंद कोणत्याही दप्तरात झाली नाही. त्यामुळे ज्या वस्तूमुळे तो पैसा मिळत होता, त्या वस्तूचाही इतिहास लिहिला गेला नाही.

आज जालन्याच्या बाजारात अंडे 'गावरान' आहे किंवा नाही, याचा निर्णय ग्राहक एका नजरेत करतो. तपकिरी असेल तर गावरान, पांढरे असेल तर 'फार्मचे', अशी ही सरळ विभागणी आहे. गावरान अंड्याला अधिक भाव मिळत असल्याने या निर्णयावर पैशाचा व्यवहार अवलंबून असतो. प्रस्तुत लेखात या खुणेच्या उत्पत्तीचा शोध घेतला आहे. तपकिरी रंग ही गावरान अंड्याची परंपरागत ओळख नव्हती. पांढरे अंडे खेड्यापर्यंत पोहोचल्यानंतर, त्याच्या विरोधातून ही ओळख निर्माण झाली. इतकेच नव्हे, तर ज्या गडद तपकिरी रंगाला आज गावरानपणाचा दाखला मानले जाते, तो रंग बहुतांशी परदेशी रक्ताच्या संकरातून आलेला आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

परसातील कोंबडी आणि तिचे अंडे :

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी हा भाग मुख्यत्वे तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यात आणि परतूरचा भाग परभणी जिल्ह्यात होता. १९४८ पर्यंत येथे निजामाची राजवट होती. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. जालना शहराच्या पूर्वेस १८२७ मध्ये छावणी वसली. हैदराबाद कंटिन्जंटची फौज १९०३ पर्यंत तेथे होती. पाऊणशे वर्षे टिकलेल्या अशा छावणीला दूध, मांस, कोंबडी आणि अंडी आसपासच्या खेड्यांतूनच पुरवली जाणार, हे उघड आहे. म्हणजे या भागातील अंड्याला शहरी गिऱ्हाईक मिळणे ही काही आधुनिक कुक्कुटपालनाने घडवलेली गोष्ट नव्हे.

खेड्यातील कोंबडी दिवसभर उकिरड्यावर, खळ्यावर आणि गोठ्याभोवती चरत असे. रात्री ती खुराड्यात किंवा डालग्याखाली जाई. तिच्यासाठी वेगळे खाद्य विकत आणले जात नसे. धान्याच्या सांडलवंडीवर, किड्यांवर आणि हिरव्या पाल्यावर तिचा निर्वाह होई. अशी कोंबडी बारा-पंधरा अंडी घालून खुडूक होते, रवणीला बसते, एकवीस दिवसांनी पिल्ले काढते आणि ती मोठी होईपर्यंत अंडी देत नाही. म्हणून वर्षाला पन्नास-साठ अंडी ही देशी कोंबडीची सर्वसाधारण मर्यादा राहिली. अंड्याचे वजनही साधारण चाळीस ग्रॅमच्या आगेमागे असे. ज्या घरी कोंबड्या नसत, त्या घरची स्त्री शेजारणीकडून तलंग अर्धलीने घेई. वाढलेल्या पिल्लांची वाटणी होई आणि तिचेही खुराडे उभे राही. भांडवलाशिवाय सुरू होणारा असा दुसरा धंदा खेड्यात क्वचितच असेल.

या कोंबड्यांच्या अंड्यांचा रंग एकसारखा नव्हता. साईसारखा, मळकट पांढरा, फिकट बदामी, किंचित गुलाबी झाक असलेला, तांबूस असे सर्व रंग एकाच डालग्यात आढळत. आपल्या कोंबड्यांचा मूळ पूर्वज असलेल्या तांबड्या रानकोंबडीचे अंडेही फिकट साईच्या रंगाचेच असते. रंगासाठी कोंबड्यांची निवड करण्याचे कोणतेही कारण खेड्यात नव्हते. गिऱ्हाईक ताजेपणा पाही, अंडे पाण्यात बुडते की तरंगते ते पाही, फार तर मुठीत धरून सूर्याकडे रोखून पाही. रंग विचारात घेतला जात नसे, कारण तुलनेसाठी दुसऱ्या प्रकारचे अंडेच बाजारात नव्हते.

मालकिणीला मात्र रंग उपयोगी पडे, पण वेगळ्या कारणासाठी. एका कोंबडीच्या अंड्यांचा आकार आणि छटा यांत बरेच सातत्य असते. त्यामुळे अंडे पाहून ते कोणत्या कोंबडीचे हे सांगणे सरावाने शक्य होते. कोणती कोंबडी अंड्यावर आहे, कोणती शेजारच्या कडब्याच्या गंजीत अंडी घालून येते, कोणती म्हातारी झाली, याचा हिशेब या ओळखीवर चाले. अंड्याचा रंग ही येथे जातीची नव्हे, तर एकेका कोंबडीची खूण होती. रंगाचा हा जुना अर्थ पुढे बाजारातील नव्या अर्थाखाली दबला.

कवचाची घडण आणि त्यावरील आवरणे :

या ओळखीचा आधार समजण्यासाठी कवच कसे तयार होते हे पाहणे आवश्यक आहे. कोंबडीच्या शरीरात एक अंडे पूर्ण होण्यास चोवीस ते सव्वीस तास लागतात. त्यांपैकी सुमारे वीस तास ते कवचग्रंथीत असते. तेथे त्यावर कॅल्शियम कार्बोनेटचा थर चढतो. कवचाचा सुमारे पंच्याण्णव टक्के भाग याच द्रव्याचा, म्हणजे रासायनिक दृष्ट्या चुनखडीचा असतो. अंडी घालणारी कोंबडी चुन्याच्या भिंती टोचते, ती याच गरजेपोटी. खाल्लेल्या अंड्यांची टरफले भाजून, चुरून कोंबड्यांना घालण्याची गृहिणींची रीत आणि फार्मवरील खाद्यात मिसळला जाणारा शिंपल्यांचा भुगा यांमागचे तत्त्व एकच आहे.

पांढऱ्या अंड्याच्या कवचात डोळ्यांना जाणवेल इतके रंगद्रव्य नसते. तपकिरी छटा प्रोटोपॉर्फिरिन या रंगद्रव्याची असते. हे द्रव्य रक्तातील तांबड्या रंगाशी रासायनिक नाते सांगणारे आहे. त्याचा मोठा भाग कवच पूर्ण होत आल्यावर, शेवटच्या काही तासांत, सर्वांत बाहेरच्या थरांत जमा होतो. म्हणून तपकिरी अंडे फोडले असता टरफल आतून पांढरट दिसते. निळ्या आणि हिरव्या अंड्यांत बिलिव्हर्डिन हे द्रव्य असते आणि ते कवचाच्या आरपार पसरलेले असते. दक्षिण अमेरिकेतील चिलीमधील अरौकाना कोंबड्या अशी निळी अंडी देतात. त्यांच्या रंगाची आनुवंशिकता आर. सी. पनेट या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये स्पष्ट केली. हा रंग कोंबडीच्या गुणसूत्रात शिरलेल्या एका जुन्या विषाणूच्या अंशामुळे उद्भवतो, हे २०१३ मध्ये सिद्ध झाले. खेड्यात कोंबड्यांसोबत बदके असतील तर निळसर-हिरवट अंडे बदकाचे असण्याचीच शक्यता अधिक.

अंडे बाहेर पडते तेव्हा त्यावर ओलसर, अत्यंत पातळ असे आणखी एक आवरण असते. त्यास क्युटिकल म्हणतात. ते क्षणार्धात वाळते आणि कवचावरील हजारो सूक्ष्म छिद्रे बंद करते. जंतूंना अडवणारे आणि आतील ओलावा राखणारे हे नैसर्गिक वेष्टण आहे. अंडे धुतले की ते निघून जाते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात याला विशेष महत्त्व येते. परसात कोंबडा असतो, म्हणून गावरान अंडे बहुधा फलित असते. चैत्र-वैशाखाच्या उष्म्यात त्यातील गर्भाची वाढ रवणीशिवायही सुरू होऊ शकते आणि अंडे लवकर नासते. उन्हाळ्यात अंडी धुऊ नयेत आणि सावलीत, गार जागी ठेवावीत, हा आग्रह अनुभवातून आलेला आहे. चुन्याच्या निवळीत अंडी बुडवून ठेवण्याची जुनी पद्धतही हेच काम करते. त्यात छिद्रे चुन्याने बुजतात. निसर्गाने दिलेल्या आवरणावर माणसाने चढवलेले हे दुसरे आवरण होय.

कधी तपकिरी अंड्यावर पिठूळ पांढरा थर दिसतो, कधी त्यावर जांभळट किंवा गुलाबी झाक येते, कधी एका बाजूस पांढरा पट्टा उमटतो, कधी खडबडीत पुरळ दिसते. कोंबडी घाबरली, तिच्या जागेत कुत्रे किंवा मुंगूस आले, तिला अंडे घालण्याची जागा मिळाली नाही, तर ती अंडे रोखून धरते. रोखलेल्या अंड्यावर चुन्याचा जादा थर चढतो. तपकिरी रंगावर हा पांढरा थर पातळ बसला तर जांभळट झाक येते. अशा आवरणयुक्त अंड्यांचे वर्गीकरण करून त्यांचा कोंबडीच्या ताणाशी संबंध जोडणारा अभ्यास ब्रिटनमध्ये १९८६ साली प्रसिद्ध झाला. पिंजऱ्यातील हजारो कोंबड्यांत असे एखादे अंडे आढळले तर ते बाजूला टाकले जाते. परसातील पाच कोंबड्यांत आढळले तर रात्री खुराड्याभोवती काय फिरले याचा शोध घेता येतो. कवच हे त्या अर्थाने आदल्या दिवसाचे टिपण असते.

पांढऱ्या अंड्याचे आगमन :

पांढरे अंडे देणारी व्हाइट लेगहॉर्न ही कोंबडी मूळची इटलीची. लिव्होर्नो या बंदराच्या नावाचे इंग्रजांनी केलेले रूप म्हणजे लेगहॉर्न. एकोणिसाव्या शतकात ती अमेरिकेत गेली आणि तेथे तिची अंड्यांसाठी निवड झाली. लहान शरीर, कमी खाद्य, वर्षाला दोनशेहून अधिक अंडी आणि खुडूक होण्याची प्रवृत्ती जवळजवळ नाहीशी, हे तिचे गुण ठरले. भारतात ती मुख्यतः मिशनरी संस्था आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हौशी पालनातून आली. तत्कालीन संयुक्त प्रांतातील एटा येथील अमेरिकन मिशनचे केंद्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या कामासाठी प्रसिद्ध होते.

शासकीय प्रयत्नांना खरी गती दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत, म्हणजे १९५६ ते १९६१ या काळात आली. परदेशी जातींच्या पैदाशीसाठी प्रादेशिक केंद्रे उभारली गेली. त्यांपैकी मुंबईचे केंद्र आरे वसाहतीत आहे. पुढे युनिसेफच्या साहाय्याने राबविलेल्या उपयोजित पोषण आहार कार्यक्रमातही कुक्कुटपालनाचा समावेश होता. महाराष्ट्रात पुणे, औरंगाबाद, नागपूर आणि कोल्हापूर येथे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे झाली. जालन्याच्या दृष्टीने औरंगाबादचे केंद्र हाकेच्या अंतरावर होते. देशी कोंबडा काढून टाकावा, त्याच्या जागी लेगहॉर्न किंवा ऱ्होड आयलंड रेड कोंबडा सोडावा आणि दोन-तीन पिढ्यांत गावाची कोंबडी सुधारावी, ही त्या काळातील विस्तार कार्याची सर्वमान्य कल्पना होती. या कल्पनेत देशी कोंबडीचा विचार केवळ सुधारावयाची वस्तू म्हणून झाला. ती खुडूक होते हा दोष मानला गेला. पिल्ले विकत न घेता मिळणे हा तिच्या मालकिणीचा सर्वांत मोठा फायदा याच दोषातून येत होता, याकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

अंड्यांच्या प्रतवारीतही हीच दृष्टी दिसते. १९३७ च्या शेतमाल प्रतवारी व चिन्हांकन कायद्यापासून सुरू झालेली ॲगमार्क व्यवस्था अंड्याची प्रत मुख्यतः वजन, कवचाची स्वच्छता आणि आतील ताजेपणा यांवर ठरवते. साठ ग्रॅम व त्याहून जड अंडे अति मोठे, त्रेपन्न ते एकोणसाठ मोठे, पंचेचाळीस ते बावन्न मध्यम आणि अडतीस ते चव्वेचाळीस लहान, अशी ही वर्गवारी आहे. देशी कोंबडीचे बहुतेक अंडे या मोजपट्टीवर शेवटच्या वर्गात बसते. शासनाच्या लेखी जे सर्वांत खालचे, त्याला बाजाराने पुढे सर्वांत वरचा भाव दिला. ही विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे.

१९७० नंतर व्यवसायाचे रूप पालटले. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये व्यंकटेश्वरा हॅचरीज ही संस्था सुरू केली. तिचा मोठा विस्तार पुण्यातून झाला. लेगहॉर्न वंशातील बी. व्ही. ३०० ही संकरित कोंबडी पांढऱ्या अंड्यांसाठी देशभर पसरली. १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समितीची स्थापना झाली आणि अंड्याचा रोजचा भाव जाहीर होऊ लागला. दूरदर्शनवरील जाहिरातींतून पांढरे अंडे घरोघरी पोहोचले. जालन्याच्या दुकानांत पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये तीस-तीसच्या रांगेत एकसारखी पांढरी अंडी दिसू लागली. डालग्यातील वेगवेगळ्या छटांच्या अंड्यांना आता प्रथमच एक प्रतिस्पर्धी मिळाला आणि त्याबरोबर एका नावाची गरज निर्माण झाली.

बियाण्याच्या शहरातील दोन शब्द :

ते नाव शोधण्यासाठी जालन्याला दूर जावे लागले नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालना येथे महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली. त्याच वर्षी सी. एस. एच. १ हे ज्वारीचे पहिले संकरित वाण देशात प्रसारित झाले. पुढील काळात जालना हे संकरित बियाण्याचे एक प्रमुख केंद्र बनले. परिसरातील शेतकऱ्यांच्या तोंडी 'हायब्रीड' हा शब्द इतका रुळला की त्याला प्रतिशब्दाची आवश्यकता उरली नाही. हायब्रीड ज्वारीने धान्य भरपूर दिले. तुटपुंज्या पावसाच्या आणि १९७२ च्या दुष्काळासारख्या संकटांच्या प्रदेशात या भरपूरपणाचे मोल कमी लेखता येणार नाही. तरीही तिच्या भाकरीला चव नाही, कडबा जनावरे आवडीने खात नाहीत, अशा तक्रारीही तिच्याबरोबरच रुजल्या. या तक्रारींतून 'गावरान' या शब्दाला नवी धार आली. पूर्वी 'गावचे, गावात होणारे' एवढाच अर्थ असलेला हा शब्द आता चवीचा, कसाचा आणि खरेपणाचा वाचक बनला. हायब्रीड हा शब्द बियाण्यापुरता मर्यादित राहिला नाही. भाजीपाला, जनावरे, एवढेच काय, नव्या पिढीची प्रकृतीही थट्टेने हायब्रीड ठरवली जाऊ लागली.

कोंबडी या शब्दांच्या जोडीत सहज सामावली. फार्मची कोंबडी हायब्रीड, परसातली गावरान. ज्वारीच्या बाबतीत हा भेद दाण्याच्या रूपावरून आणि चवीवरून ओळखता येई. अंड्याची चव मात्र विकत घेण्यापूर्वी कळत नाही आणि पिवळ्या बलकाचा गडदपणा फोडल्यावरच दिसतो. शिवाय तो खाद्यातील मका, हिरवा पाला किंवा झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क यांवर अवलंबून असतो. म्हणून ग्राहकाने बाहेरून दिसणारी एकमेव खूण निवडली, ती कवचाच्या रंगाची. फार्मचे अंडे पांढरे होते, तेव्हा पांढरे नसलेले ते गावरान, असे समीकरण झाले. कवचाच्या रंगाचा अंड्याच्या पोषणमूल्याशी संबंध नाही, हे पोषणशास्त्राने वारंवार सांगूनही हे समीकरण ढळले नाही. त्याचे कारण असे की हा प्रश्न पोषणाचा नव्हताच. तो ओळखीचा होता.

तपकिरी रंगाचा परतीचा प्रवास :

येथून पुढचा इतिहास काहीसा गमतीचा आहे. गडद तपकिरी अंडे ही युरोपीय कोंबड्यांची परंपरा नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चीनमधील कोचीन आणि ब्रह्मपुत्रेच्या नावावरून ब्रह्मा म्हटल्या गेलेल्या भल्या थोरल्या आशियाई कोंबड्या इंग्लंड-अमेरिकेत पोहोचल्या. तेथील लोकांना त्यांनी असे वेड लावले की त्या काळाला 'कोंबड्यांचा ताप' असे नाव पडले. या कोंबड्यांनी तपकिरी अंड्याचा गुण पाश्चात्त्य जातींना दिला. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड रेड या जातीच्या घडणीत मलय, कोचीन आणि लेगहॉर्न अशा अनेक रक्तांचा वाटा आहे. तीच जात विसाव्या शतकात सुधारित कोंबडा म्हणून भारतीय खेड्यात आली. आशियातून निघालेला रंग अमेरिकेमार्गे आशियात परतला आणि परतल्यावर 'गावरान' म्हणवला जाऊ लागला.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने परसातील पालनासाठी गिरिराज ही संकरित कोंबडी विकसित केली. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने वनराज ही दुसरी जात दिली. दोन्ही रंगीत पिसांच्या, दिसायला देशीसारख्या, काटक आणि शंभराहून अधिक तपकिरी अंडी देणाऱ्या. महाराष्ट्रात गिरिराजचा प्रसार मोठा झाला. कुटुंबाला अधिक अंडी मिळाली हे नाकारता येत नाही. परंतु या कोंबड्या क्वचितच खुडूक होतात आणि त्यांच्या पुढच्या पिढीत आईबापांचे गुण टिकत नाहीत. पिल्लांसाठी पुन्हा उबवणी केंद्राकडे जावे लागते. संकरित बियाण्याच्या बाबतीत शेतकऱ्याने जे अनुभवले, तेच परसातील स्त्रीच्या वाट्याला आले. फरक एवढाच की बियाण्याच्या पिशवीवर संकरित असे छापलेले असते आणि गिरिराजचे अंडे मात्र गावरान म्हणून विकले जाते. त्यात तपकिरी अंडी देणाऱ्या व्यावसायिक पिंजऱ्यांतील कोंबड्यांची भर पडली. त्यांची अंडी एकसारख्या गडद रंगाची, मोठी आणि देखणी असतात.

खूण पैसा मिळवून देऊ लागली की तिची नक्कलही होते. पांढरी अंडी चहाच्या पाण्यात किंवा रंगात बुडवून गावरान म्हणून विकण्याचे प्रकार याच समीकरणातून उद्भवले. ते ओळखण्यासाठी अंडे लिंबाने किंवा व्हिनेगरने पुसून पाहण्याचा उपाय सांगितला जातो. तो फसवा आहे. खरे तपकिरी रंगद्रव्यही बाह्य थरातच असल्यामुळे आम्लाने तेही निघते. त्यामुळे प्रामाणिक विक्रेतीचे अंडे बनावट ठरण्याचा धोका असतो. प्रोटोपॉर्फिरिन अतिनील प्रकाशात तांबडे चमकते. चहाच्या रंगाला तो गुण नाही. अर्थात असा दिवा घेऊन बाजारात कोणी जात नाही. रंगावरील विश्वास किती टोकाला जाऊ शकतो, याचे दुसरे उदाहरण मध्य प्रदेशातील झाबुआच्या कडकनाथचे आहे. या जातीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिचे मांस काळे असते म्हणून अंडेही काळे असणार, असा समज पसरला. प्रत्यक्षात कडकनाथचे अंडे फिकट बदामी, म्हणजे मराठवाड्यातील जुन्या देशी अंड्यासारखेच असते.

रोगाची लिपी :

कवचाचा रंग फिका पडणे हा कोंबडीवैद्यकात गंभीर संकेत आहे. भारतात कोंबड्यांच्या ज्या रोगाची नोंद १९२७-२८ मध्ये कुमाऊंतील राणीखेत येथे झाली, तो रोग खेड्यात मानमोडी म्हणून ओळखला जातो. मान वाकडी होऊन कोंबडी मरते यावरून आलेले हे नाव. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीलाही मराठी माणसाने मानमोडीच म्हटले होते. सौम्य स्वरूपात किंवा लागण झाल्यावर वाचलेल्या कोंबड्यांत अंडी कमी होतात, तपकिरी छटा उडते, कवच पातळ किंवा वेडेवाकडे होते आणि कधी बिनटरफलाचे मऊ अंडे पडते. संसर्गजन्य ब्रॉन्कायटिसमध्ये कवचावर सुरकुत्या येतात. १९७६ मध्ये नेदरलँड्समध्ये वर्णन झालेल्या अंडी-घट रोगात आधी रंग जातो आणि मग कवच. राणीखेतवरील मुक्तेश्वर लस १९४० च्या दशकात तयार झाली. तरी पाच कोंबड्यांसाठी शंभर मात्रांची कुपी फोडणे परवडत नाही, म्हणून परसातील कोंबड्यांपर्यंत ती नेहमीच अपुरी पोहोचली. अशा ठिकाणी फिके पडलेले अंडे हीच पहिली आणि बहुधा एकमेव पूर्वसूचना असते.

येथे दोन अर्थांचा संघर्ष होतो. मालकिणीच्या दृष्टीने नेहमी बदामी अंडे देणाऱ्या कोंबडीने अचानक पांढरट अंडे दिले तर कोंबडीकडे पाहावयास हवे. ग्राहकाच्या दृष्टीने ते अंडे फार्मचे आहे आणि मालकीण खोटे बोलते आहे. ज्या देशी कोंबडीचे अंडे मुळातच साईच्या रंगाचे, तिची मालकीण तर कायमची संशयित ठरते. घनसावंगी किंवा मंठ्याच्या खेड्यातून टोपलीत अंडी आणणाऱ्या स्त्रीसमोर मग पर्याय राहतो तो फिकी अंडी घरी ठेवून तांबूस तेवढी बाजारात नेण्याचा, किंवा देशी कोंबडी काढून गिरिराज आणण्याचा. गावरानाला मिळणारा जादा भाव अशा रीतीने गावरान कोंबडीच्याच मुळावर येतो.

बर्ड फ्लूने या प्रक्रियेला अधिक गती दिली. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिला उद्रेक जाहीर झाला. लगेच मार्चमध्ये जालन्याच्या उत्तरेस लागून असलेल्या जळगाव जिल्ह्यात परसातील कोंबड्यांत तो आढळला. जानेवारी २०२१ मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे पुन्हा उद्रेक झाला. बाधित क्षेत्रातील कोंबड्या मारणे हा अशा वेळी अपरिहार्य उपाय असतो आणि नुकसानभरपाई कोंबडीच्या संख्येवर मिळते. पिढ्यानपिढ्या त्या गावाच्या हवामानात टिकलेला वंश मात्र भरपाईच्या तक्त्यात बसत नाही. रिकाम्या खुराड्यात पुढे जी पिल्ले येतात, ती उबवणी केंद्राची असतात.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात परसातील कोंबड्या व इतर पक्षी मिळून सुमारे ३१ कोटी ७० लक्ष संख्या नोंदली गेली. ही संख्या मागील गणनेपेक्षा सुमारे ४६ टक्क्यांनी अधिक होती. परसातील पालन संपत आले आहे, या समजाला ही आकडेवारी छेद देते. परसात कोंबडी आहे आणि तिच्या अंड्याला मागणीही आहे. बदलले आहे ते त्या अंड्याचे वाचन. ज्या घरी अजून खुडूक होणारी कोंबडी आहे, तेथे रवणीसाठी अंडी निवडताना फार लहान व फार मोठी वगळली जातात, पिठूळ थराची, खडबडीत आणि तडकलेली बाजूला काढली जातात, ताजी व गुळगुळीत तेवढी तिच्या पोटाखाली सरकवली जातात. त्या निवडीत रंग पाहिला जात नाही.